पाठीवरची खोली

राग शिळा होत नाही, हे मला आमच्या कारखान्यातल्या मिस्त्रीमुळे कळलं. त्याला बिचाऱ्याला याचा पत्ताही नाही.

आमचा कारखाना स्वेटरांचा. मी तिथे नमुने काढते. कुठल्या ओळीत किती टाके, कुठे लोकर बदलायची, कुठे जाळी पाडायची, हे चौकटींवर मांडून यंत्राला द्यायचं, हे माझं काम. मिस्त्री यंत्रं दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात फोनशी भांडतो. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा अर्धा टाकला आणि फोन टेबलावर उपडा आपटला.

"ज्याने ही शेवटची खोली बांधली ना मॅडम, त्याचं डोकं एकदा तपासून घ्यायला हवं," तो म्हणाला. "तीन महिने झाले. एक माणूस वर पोचलेला नाही. आणि बनवणारा मुलाखतीत सांगतो, मी स्वतः चढलोय!"

मी सहज फोन उलटा करून पाहिला. काळ्या पडद्यावर मोठमोठ्या ठिपक्यांचं, ओबडधोबड धुराडं. तळाशी काजळीचा एक गोळा, त्याला दोन पांढरे डोळे. काजळ्या. मी हातातला घास डब्यात परत ठेवला.

"याचा चौथा भाग कधी आला?"

"तुम्ही खेळता की काय?"

"खेळायचे," मी म्हटलं, आणि डब्याचं झाकण इतक्या जोरात लावलं की ते पुन्हा उघडायला संध्याकाळी पक्कड लागली.

'धुराडं' हा खेळ ज्याने बनवला तो माझा मावसभाऊ. घरात त्याला गुंड्या म्हणतात. आई गेल्यावर मी मावशीकडे राहायला गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि तो पाच. घरात खेळणी बेताचीच, आणि हा दिवसभर माझ्या मागे शेपटासारखा. त्याला एका जागी बसवायला मी चौकटीच्या वहीत एक खोली काढली. भरलेला चौकोन म्हणजे वीट. टिंब म्हणजे काटा. शून्य म्हणजे भोक, पडलास की थेट तळाला. शर्टाची एक काळी गुंडी त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, ही वरपर्यंत ने. उडी दोन घरं उंच, तीन घरं लांब, त्याहून जास्त नाही. काट्याला लागलास तर मेलास, पुन्हा खालून. त्याला गुंड्या हे नाव त्या गुंडीवरूनच पडलं.

दहा वर्षं मी त्याच्यासाठी खोल्या काढल्या. तो जितका हुशार झाला तितक्या मी त्या अवघड केल्या. मात्र एक नियम मी कधी मोडला नाही. जी खोली मला स्वतःला चढता येत नाही, ती त्याला द्यायची नाही. पंधराव्या वर्षी तो शिकायला बाहेरगावी वसतिगृहात गेला तेव्हा "आठवण म्हणून" ती वही घेऊन गेला. मला भरून आलं होतं. मी किती मूर्ख असावं याला काही मर्यादा?

पुढे त्याने त्या खोल्यांचा खेळ केला. मुद्दाम जुन्या काळच्या खेळासारखा: एका पडद्यावर एक खोली, उडी मारायला एक बटण, भिंतीला चिकटायला दुसरं, एक काटा लागला की खेळ खलास. कोपऱ्यात मेल्याचा आकडा, आणि प्रत्येक मरणाला एक कावळा खदाखदा हसणार. लोक वेडे झाले. पहिल्या भागाच्या शेवटी माझं नाव नव्हतं. मी म्हटलं, राहिलं असेल. दुसऱ्यातही नव्हतं. तिसरा भाग मी दीड महिना खपून संपवला आणि शेवटची नावांची यादी डोळ्यांत तेल घालून वाचली. त्यात चहावाल्याचे आभार होते. त्याच्या मांजरीचे होते. माझे नव्हते.

मी त्याला फोन केला. तो हसला. "अगं ताई, कागदावरच्या रेघोट्या वेगळ्या आणि गेम वेगळा."

रेघोट्या. मी त्या दिवशी कंट्रोलर खोक्यात घातला आणि माळ्यावर फेकला. मावशीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "घरातलं घरात राहू दे." तिच्या ताटात जेवून मी मोठी झाले होते. मी गप्प बसले. नऊ वर्षं गप्प बसले. पण गप्प बसणं आणि विसरणं यात फरक असतो, तो गुंड्याला माहीत नव्हता.

मिस्त्रीच्या डब्याच्या त्या दिवशी संध्याकाळी मी माळ्यावर चढले.

मनाशी एकच ठरवलं होतं. जी खोली जगात कोणाला जमत नाही ती मी चढणार, आणि मग त्याला फोन करून म्हणणार, "तुझ्या रेघोट्या चढून आले रे." एवढंच. सूडाची सुरुवात अशीच साधी असते.

रोज कामावर जायच्या आधी तास-दीड तास खेळायला लागले. अंगठ्यांना गंज चढला होता. पहिल्याच खोलीत त्रेचाळीस वेळा मेले. कावळा हसला की मी त्याला उलटं बोलायचे. शेजारीण एकदा जिन्यात म्हणाली, "सकाळी सकाळी कोणाला एवढं झापता हो?" आठवड्याने हात वळले. उडी मारायच्या आधीच पुढची वीट कुठे आहे ते अंगठ्याला कळायला लागलं, आणि मला रडू आलं, रागाने. कारण विटा तिथेच होत्या, जिथे मी ठेवल्या होत्या. एकोणतीस खोल्यांपैकी वीस माझ्या. बाकीच्या नऊ त्याच्या, त्या लगेच ओळखू यायच्या. माझ्या खोलीत माणूस मरतो तो स्वतःच्या चुकीने. त्याच्या खोलीत मरतो तो गुंड्याच्या मर्जीने: सगळं नीट पार करून वर आलात की डोक्यावर एक काटा, उगीच.

तिसाव्या, म्हणजे शेवटच्या खोलीत मी अठरा सकाळी मेले.

ती खोली मला आठवत नव्हती. चिन्हं माझी, हात माझा, पण खोली ओळखीची वाटेना. आणि चढता येईना. काट्यांच्या सरळ उभ्या रांगा, भोकांच्या उभ्या रांगा, एका भोकात पडलं की खालचं भोक, त्याखालचं, असं थेट तळाला. उजवीकडे वाट असल्यासारखं वाटायचं. दोन-तृतीयांश उंचीपर्यंत नेऊन ती वाट हात वर करायची. मिस्त्रीही तिथेच मरत होता, सगळं जग तिथेच मरत होतं. मला आतून खायला लागलं. मी असली खोली काढली? न चढता येणारी? मग माझ्या नियमाचं काय?

एकोणिसाव्या सकाळी चहा निवत चालला होता. मी मेले, कावळा हसला, आणि तळापासून पुन्हा निघताना लक्षात आलं की माझे ओठ हलतायत. "दोन गडद, एक उलट, दोन गडद, जाळी. दोन गडद, एक उलट, दोन गडद, जाळी."

मी कंट्रोलर खाली ठेवला आणि खुर्ची मागे सरकवली.

खाली भिंती सरळ. दोन-तृतीयांश उंचीवर दोन्हीकडून सारख्याच आत आलेल्या: हा बाहीचा काप. सगळ्यात वर मधोमध उथळ खळगा: हा गळा. ही खोली नव्हतीच. ही स्वेटरची पाठ होती!

मी इतकी हसले की शेजारणीने भिंतीवर थाप मारली. वही एकच होती ना. पुढून खोल्या आणि उलटी करून मागून विणकामाचे नमुने. चिन्हंही मी तीच वापरायचे, दोन कामांना दोन लिप्या कोण शिकत बसणार? टिंब म्हणजे खेळात काटा, विणकामात उलट टाका. शून्य म्हणजे खेळात भोक, विणकामात जाळी. भरलेला चौकोन म्हणजे इकडे वीट, तिकडे गडद लोकर. तीन भागांत माझ्या खोल्या संपत आल्या आणि शहाणा वहीच्या मागच्या पानांवर घुसला. एवढा मोठा गेमवाला, आणि त्याने जगाला चार महिने स्वेटरवर चढवलं.

आणि कुठला स्वेटर! तो वसतिगृहात जाताना मी त्याच्याचसाठी विणलेला. वाढतं अंग म्हणून ढगळ, वेळ कमी म्हणून पुढून साधा, सगळी नक्षी पाठीवर. सहा वर्षं त्याने तो अंगावर घातला. ही खोली त्याच्या पाठीवर होती, म्हणून जगात फक्त त्यालाच ती कधी दिसली नाही.

मग हसू थांबलं, कारण आणखी एक आठवलं. त्या नमुन्यात एक चूक होती. डाव्या बाहीचा काप सुरू होतो तिथे एक शून्य मी एक घर बाहेर काढलं होतं. मावशीशी बोलता बोलता काढत होते. चूक दिसली तेव्हा विणकाम खांद्यापर्यंत आलेलं, उसवायला तीन दिवस लागले असते आणि तो परवा निघणार होता. तसंच राहू दिलं. डाव्या खांद्याखाली बारीक चुणी पडायची. तेवीस वर्षं ती चुणी माझ्या डोळ्यांत सलत होती. नमुने काढणाऱ्या बाईला अशी चूक म्हणजे नाकावरचा मस.

पण बाकीच्या भोकांखाली भोकंच होती. रांगेतून सुटलेल्या या एका भोकाखाली वीट होती.

मी काजळ्याला उठवलं. कापाच्या जरा खालपर्यंत नेलं. जिथे सगळे उजवीकडे वळतात तिथून डावीकडे, काट्यांवरून, भोकावर उडी टाकली. तीन भाग खेळून सगळ्यांच्या हाडीमासी खिळलेलं होतं, भोक म्हणजे मरण. कोण कशाला मुद्दाम वाट सोडून मरणावर उडी घेईल? काजळ्या भोकात पडला आणि उभा राहिला. कावळा हसला नाही. तिथून वरची वीट दोन घरं उंच, तीन घरं लांब. त्यापुढे गळ्यापर्यंत चार उड्या.

मी उडी मारली नाही. खेळ बंद केला. चार भिंतींत जिंकायला मी नऊ वर्षं थांबले नव्हते.

येत्या रविवारी दुपारी गुंड्याचा कार्यक्रम होता, मिस्त्रीने तिकीट काढलं होतं. शेवटची खोली मोठ्या पडद्यावर लावणार, ज्याला हवं त्याने रंगमंचावर येऊन सगळ्यांसमोर चढून दाखवावी. शनिवारी मी मावशीकडे गेले.

"तो स्वेटर आहे का गं अजून?"

"कशाला हवाय?"

"घालायला."

मावशीने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ती म्हातारी झालीय, पण तिच्या डोळ्यांना अजून सगळं दिसतं. पलंगाखालची पेटी ओढून तिने तो काढला. डांबरगोळ्यांचा वास, कोपरांना ठिगळं. तो मांडीवर घेऊन ती बसून राहिली.

"उद्या त्याला खाली पाडायला जाणार आहेस."

"हो."

मला वाटलं, पुन्हा म्हणेल, घरातलं घरात. तिने स्वेटरवरचा एक धागा उचलला आणि बोटाला गुंडाळत म्हणाली, "तेव्हा मी तुला गप्प बसवलं. माझ्या पोटचा होता म्हणून. तुझी आई असती तर तिने तुला गप्प बसवलं नसतं." मग स्वेटर माझ्या हातात दिला. "पण चारचौघांत त्याला बोलू नकोस. वचन दे."

"तोंड उघडणार नाही," मी म्हटलं.

सभागृह भरलेलं होतं, पहिल्या रांगेत मावशीही होती. रंगमंचाच्या मधोमध एक स्टूल, बसणाऱ्याचं तोंड मोठ्या पडद्याकडे, पाठ लोकांकडे. बाजूला सोफ्यावर गुंड्या, हातात माईक. पंधरा-वीस जण येऊन मरून गेले. प्रत्येक मरणाला तो काहीतरी चुरचुरीत बोलायचा आणि लोक हसायचे. मग मी पायऱ्या चढले.

त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग माईक तोंडाशी गेला. "अरे वा! ही आमची ताई. लहानपणी माझ्यासोबत खेळायची."

माझ्यासोबत खेळायची! मी दात आवळले. वचन दिलं होतं. स्टुलापाशी जाऊन मी कोट काढला, आणि बसले.

"अगं, हा तर माझा जुना स्वेटर," तो माईकवर हसत म्हणाला. त्याला पुढची साधी बाजू दिसत होती.

पहिल्यांदा मेले. दुसऱ्यांदा मेले. "ताई, पुरे गं, लोकांना चहा प्यायचाय," गुंड्या म्हणाला. थोडं हसू झालं, पण ते मधेच थांबलं. मागे कुजबुज सुरू झाली होती. तिसऱ्या रांगेतून मिस्त्रीचा आवाज आला, कारखान्यात यंत्रांच्या आवाजावर चढवायचा तोच: "अरे! खोली! त्यांच्या पाठीवर खोली आहे!"

मग जे हसू उठलं ते गुंड्याच्या विनोदावरचं नव्हतं. लोक उभे राहून पाहायला लागले. कधी पडदा, कधी माझी पाठ. "काटे बघ, तस्सेच." "आणि तो गळा बघ, गळा!" गुंड्याने आधी पडदा पाहिला, मग स्वतःच्या शर्टाची बटणं चाचपली. सगळ्या सभागृहात तोच एकटा होता ज्याला कळत नव्हतं लोक कशाला हसतायत. किती गोड वाटलं मला ते! नऊ वर्षं मी त्या एका घोटाची वाट पाहत होते.

तिसऱ्यांदा निघाले. कापाखालपर्यंत गेले. "डाव्या खांद्याखाली!" कोणीतरी ओरडलं, "तिथे चुणी आहे बघा!" मी डावीकडे उडी घेतली. काजळ्या भोकात पडला, उभा राहिला. सभागृहात श्वास ऐकू येत होते. वरची वीट. मग एक, दोन, तीन, चार. काजळ्या गळ्यातून बाहेर पडला.

पडदा पांढरा झाला. मी नावांच्या यादीची वाट पाहत होते, चहावाला, मांजर वगैरे. यादी नव्हती. एकच ओळ आली, ठोकळ अक्षरांत.

'खोल्या ताईने काढल्या.'

मला गहिवरून आलं असेल असं तुम्हाला वाटत असेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे याला माहीत होतं. त्याने माझं श्रेय दिलं होतं, पण अशा जागी ठेवलं होतं जिथे कोणी पोचणार नाही. स्वतःचं मन साफ, आणि जगाला पत्ता नाही. आणि तेही काय, तर ताई! जगात पायलीच्या पन्नास ताया आहेत.

मी उभी राहिले. वळले नाही. लोकांकडे पाठ करूनच उभी राहिले, हात थोडे फाकवून, स्वेटर ताणून. समोर ती ओळ, मागे ती खोली. कोणती ताई, हे कोणाला विचारावं लागलं नाही. टाळ्या मागच्या रांगेतून सुरू झाल्या आणि थांबेनात.

गुंड्या सोफ्यावरून उठला आणि माझ्या मागे आला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्याने स्वतःच्या स्वेटरची पाठ पाहिली. माईक त्याच्या हातात खाली लोंबत होता.

"वहीच्या मागच्या पानावर होती," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, तुझी सगळ्यात अवघड खोली. दोन महिने झगडलो. नाही जमली."

"म्हणून तिच्या वर मला ठेवलंस."

त्याने माईक बंद केला.

"पहिल्या पानावर," मी म्हटलं. माईकवर नाही, वचन पाळून. "काजळ्या हलायच्या आधी. नाव, आडनावासकट. आणि चारही भागांत."

त्याने मान हलवली. आठ दिवसांत ते झालंही. पण त्या वेळी तो तिथून हलेना. त्याने बोट पुढे करून माझ्या डाव्या खांद्याखालच्या चुणीला लावलं, लहानपणी गुंडी सरकवायचा तसं.

"हे भोक रांगेत बसत नव्हतं," तो म्हणाला. "चूक समजून दोनदा बुजवायला गेलो. पण तू काढलेलं. तू कधी चुकत नाहीस. म्हटलं, ताईने ठेवलंय म्हणजे काहीतरी असणार."

मी वळले. पहिल्या रांगेत मावशी आमच्या दोघांकडे पाहत होती. मी कोट उचलला आणि अंगात घातला. ती चूक होती, हे मी त्याला सांगितलं नाही. कधी सांगणारही नाही.